एका फंक्शनमध्ये तीन रिटर्न चालतात का?

प्रश्न, परळचा_पायथनवाला:
लोकलच्या साध्या तिकिटाचं भाडं काढणारं पायथन फंक्शन आहे. ५ वर्षांखाली शून्य, ५ ते १२ च्या आत अर्धं, १२ पासून पूर्ण. प्रत्येक अटीत थेट रिटर्न (उत्तर देऊन फंक्शनमधून बाहेर पडणं) लिहिलं होतं. कोडच्या रिव्ह्यूत शेरा आला, 'रिटर्न एकच, शेवटी.' तसं केलं, आता ४ वर्षांच्या पोरालाही अर्धं भाडं लागतंय:

भाडं = पूर्ण
इफ वय < ५: भाडं = ०
इफ वय < १२: भाडं = पूर्ण / २
रिटर्न भाडं

सेमीकोलन_दादर:
४ हे १२ पेक्षाही लहानच की! म्हणून आधीच्या शून्यावर अर्धं भाडं चढलं. दुसऱ्या इफचं एलिफ ('नाहीतर जर') करा, सुटेल. पण तुमचं आधीचंच बरं होतं. 'इफ वय < ५: रिटर्न ०' म्हटलं की त्या पोराचा विषय तिथेच मिटतो, खाली कोणी ढवळाढवळ करू शकत नाही. फक्त शेवटचं 'रिटर्न पूर्ण' विसरू नका. विसरलात तर पायथन गुपचूप नन (None, म्हणजे 'काहीच नाही') देतं आणि टाइप एरर येते ती दुसरीकडेच, बेरजेच्या ओळीवर. (अर्ध्याचं अडीच रुपये झालं तर काय, तेही ठरवून ठेवा.)

पॉइंटर_ठाणे:
शेरा अगदीच हवेतला नाही, पण तो सी भाषेचा संस्कार आहे. मॅलॉकने मेमरी घेतली, फाइल उघडली आणि मधेच रिटर्न मारलं, की मेमरी सोडणारं फ्री आणि फाइल बंद करणारं एफक्लोज राहून जातात. मिस्रा सी २०१२ (सी सुरक्षितपणे लिहिण्याची नियमावली) चा नियम १५.५ म्हणूनच शेवटी एकच एक्झिट सांगतो, तोही नुसता ॲडव्हायजरी, म्हणजे सल्लावजा. लिनक्स कर्नलमध्ये याच कामासाठी सर्रास गोटू (थेट उडी) वापरून खालच्या साफसफाईच्या लेबलवर जातात. पायथनमध्ये 'विथ'च्या आतून रिटर्न केलं तरी फाइल बंद होते, त्यामुळे ती भीती नाही.

सेमीकोलन_दादर:
हो, पण फायनलीत (ट्रायनंतर काहीही झालं तरी चालणारा भाग) रिटर्न कधीही नको. ट्रायमधलं रिटर्न पुसलं जातं आणि उडालेलं एक्सेप्शनही (चालताना आलेली चूक) गिळलं जातं, लॉगमध्ये मागमूस नाही. पायथन ३.१४ त्यावर सिंटॅक्स वॉर्निंग देतं. आणि टेस्टला ४, ५, ११, १२ ही वयं घ्या, चूक काठावरच होते.

परळचा_पायथनवाला:
तीन रिटर्न परत आणले. ४ ला शून्य, ५ आणि ११ ला अर्धं, १२ ला पूर्ण. रिव्ह्यूत मिस्राचा नियम क्रमांकही चिकटवतो.