स्वस्त ड्रोनमुळे रणांगण बदलले, मग सुटे भाग करणाऱ्या कारखान्याने काय बदलायचे?

भोसरीचा यंत्रकार (प्रश्न)

नमस्कार. भोसरी औद्योगिक वसाहतीत माझा सीएनसी आणि व्हीएमसी मशिनांचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या धातुकामाच्या यंत्रांचा, छोटा कारखाना आहे. आम्ही प्रामुख्याने इंजिनाचे सुटे भाग करून देतो. एकदा ड्रॉइंग मंजूर झाले आणि पहिला नमुना पास झाला की तोच जॉब पाच-सहा वर्षे चालतो आणि टूलिंगवर (त्या जॉबसाठी केलेल्या खास हत्यारांवर) घातलेला पैसा त्या काळात हळूहळू वसूल होतो. आमच्यासारख्या बहुतेक कारखान्यांचा हिशेब याच गृहीतकावर उभा आहे.

गेल्या वर्षी ड्रोन बनवणाऱ्या एका कंपनीने मोटरचे हाउसिंग आणि आर्मचे क्लॅम्प यांची ऑर्डर दिली. दोन महिन्यांत त्यांनी तीन वेळा ड्रॉइंग बदलले आणि दुसऱ्या वेळी तर आमचा अर्धा लॉट तयार होऊन पडलेला होता. तेव्हा मला हा सरळसरळ नियोजनाचा अभाव वाटला. पुढे युक्रेनमधील उत्पादनाविषयी वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की तिथे रचना काही आठवड्यांत बदलणे हीच रीत आहे, कारण शत्रूने जॅमिंगची (ड्रोनचे रेडिओ संकेत दाबून टाकण्याची) पद्धत बदलली की जुना ड्रोन निरुपयोगी होतो.

माझा प्रश्न असा आहे की हे तंत्रज्ञान उद्योगाची आणि युद्धाची बसलेली घडी कायमची विस्कटणारे आहे, की एका विशिष्ट युद्धाने निर्माण केलेली ही तात्पुरती निकड आहे? पहिले खरे असेल तर मला यंत्रसामग्रीपासून कामगारांच्या प्रशिक्षणापर्यंत सगळ्याचा फेरविचार करावा लागेल, आणि त्यासाठी कर्ज काढण्याआधी जाणकारांचे मत मला हवे आहे.

सर्किटवाला

मी एम्बेडेड इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो, त्यामुळे त्या बाजूने उत्तर देतो.

घडी विस्कटणारे तंत्रज्ञान ही कल्पना जोसेफ बोवर आणि क्लेटन क्रिस्टेन्सन यांनी १९९५ साली मांडली, तेव्हा तिचा अर्थ आजच्यापेक्षा बराच नेमका होता. नवी वस्तू सुरुवातीला जुन्या वस्तूपेक्षा निकृष्ट असते आणि प्रस्थापित गिऱ्हाइकाला ती नकोच असते, परंतु ती स्वस्त असल्यामुळे बाजाराच्या एखाद्या कोपऱ्यात तग धरते, तिथे सुधारत जाते आणि प्रस्थापित उत्पादकाला जाग येईपर्यंत त्याच्या मुख्य गिऱ्हाइकापर्यंत पोहोचलेली असते.

एफपीव्ही (फर्स्ट पर्सन व्ह्यू) ड्रोनचा इतिहास या व्याख्येत चपखल बसतो. डोळ्यांवर गॉगल लावून, ड्रोनच्या कॅमेऱ्यातून बघत शर्यती लावणाऱ्या हौशी लोकांनी तो घडवला, आणि त्याचे उड्डाण सांभाळणारी अनेक सॉफ्टवेअरही खुल्या पद्धतीने, स्वयंसेवकांनी लिहिलेली आहेत. कोणत्याही संरक्षण मंत्रालयाने त्याची मागणी नोंदवलेली नव्हती, कारण लष्करी निकषांवर तो फारच दुबळा होता: बॅटरी काही मिनिटांत संपते, पावसात आणि जोराच्या वाऱ्यात तो उडत नाही, आणि त्याचे रेडिओ संकेत सहज दाबता येतात. याउलट २०२०च्या आर्मेनिया-अझरबैजानमधील नागोर्नो-काराबाख युद्धात आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ज्या तुर्की बायरक्तार टीबी-२ ची जगभर चर्चा झाली, तो ड्रोन म्हणजे धावपट्टी लागणारे, लाखो डॉलर किमतीचे, वैमानिक नसलेले छोटे विमानच होते. रशियाची हवाई संरक्षण व्यवस्था सावरल्यावर आघाडीवरचा त्याचा वावर खूपच घटला. त्याची जागा सुमारे ४०० ते ५०० डॉलरच्या, शर्यतीच्या ड्रोनने घेतली. हे दोन्ही ड्रोनच असले तरी उद्योगाच्या दृष्टीने त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये युक्रेनला बारा महिन्यांत दहा लाख तोफगोळे देण्याचे ठरवले, आणि मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोहोचले होते. युक्रेनच्या राष्ट्राध्यक्षांनी डिसेंबर २०२३ मध्ये पुढील वर्षी दहा लाख ड्रोन बनवण्याचे जाहीर केले तेव्हा अनेकांना ती घोषणाच वाटली, पण युद्धग्रस्त देशातील लहानमोठ्या कार्यशाळांनी तो आकडा ओलांडून दाखवला. श्रीमंत देशांच्या प्रस्थापित कारखान्यांना जे जमले नाही ते या कार्यशाळांना का जमले, हे समजून घेतले तर तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळेल. ड्रोनसाठी भट्टी लागत नाही, फोर्जिंग प्रेस लागत नाही, आणि त्याचे बहुतेक भाग नागरी बाजारात तयार मिळतात.

निवृत्त तोफची

वरील प्रतिसादातील तुलना योग्य आहे, परंतु तिच्यावरून तोफगोळ्याचे दिवस संपले असा निष्कर्ष कोणी काढू नये. मी तोफखान्यात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून हे आग्रहाने लिहितो आहे.

१५५ मिमीचा एक गोळा चाळीस किलोहून जड असतो, तर एफपीव्ही ड्रोन सर्वसाधारणपणे किलो-दोन किलो स्फोटक वाहून नेतो. गोळ्याला धुके, पाऊस आणि जॅमिंग यांची फिकीर नसते, निदान साध्या गोळ्याला तरी नसते. एक्सकॅलिबरसारखे उपग्रहाच्या मदतीने लक्ष्य शोधणारे महागडे गोळे रशियाच्या जॅमिंगपुढे भरकटू लागले तेव्हा साधा गोळा पूर्वीसारखाच काम करत होता. तो वेळेवर मिळाला नाही याचे कारण त्याची साखळी लांब आहे. आपल्याकडचेच उदाहरण घ्यायचे तर अंबाझरीला गोळ्याचे कवच तयार होते, भंडाऱ्याला त्याला ढकलणारे प्रणोदक बनते आणि भद्रावतीच्या चांदा कारखान्यात स्फोटक भरले जाते. यातील एकही टप्पा घाईने करता येत नाही, आणि केला तर माणसे जातात. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या कारखान्यातील स्फोटात आठ कामगारांचा मृत्यू झाला, हे आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल.

माझ्या मते रणांगणावरचा खरा बदल निरीक्षणात झाला आहे. आमच्या काळी निरीक्षण चौकीवरचा अधिकारी दुर्बिणीतून गोळा कुठे पडला ते पाहायचा आणि रेडिओवरून दुरुस्ती सांगायचा. टेकडीआडचे त्याला दिसत नसे. आता ते काम आकाशातला कॅमेरा करतो आणि लक्ष्य दिसल्यापासून गोळा पडेपर्यंतचा वेळ काही मिनिटांवर आला आहे. आघाडीमागच्या कित्येक किलोमीटरच्या पट्ट्यात दिवसा वाहन हलवणे त्यामुळे जिवावरचे झाले आहे. अमेरिकेने दिलेले ३१ एब्राम्स रणगाडे युक्रेनने एप्रिल २०२४ च्या सुमारास आघाडीवरून मागे घेतल्याच्या बातम्या आल्या, त्यामागे हेच एक मोठे कारण होते.

जुन्या शस्त्रांना नवे काम मिळते, हेही ध्यानात घ्यावे. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पाकिस्तानकडून आलेल्या ड्रोनवर आपल्या सैन्याने क्षेपणास्त्रांबरोबरच एल-७० तोफाही चालवल्या. मूळ बोफोर्स रचनेच्या या ४० मिमी तोफा अनेक दशकांपूर्वीच्या आहेत. त्यांना नवे रडार आणि कॅमेरे जोडले आहेत, इतकेच. काही हजार डॉलरच्या ड्रोनवर काही लाख डॉलरचे क्षेपणास्त्र डागत राहिले तर कोणताही खजिना पुरणार नाही. त्यामुळे प्रतिकारही स्वस्त हवा, आणि तिथे तुमच्यासारख्या कारखान्याला दीर्घकाळ टिकणारे काम आहे असे मला वाटते: बॅरल, ब्रीचचे (बॅरलच्या मागच्या, गोळा भरण्याच्या टोकाचे) भाग, तोफेच्या फिरत्या बैठका.

एक गोष्ट मात्र मनाला फार लागते आणि ती या चर्चेत यायलाच हवी. पूर्वी एकट्यादुकट्या माणसावर कोणी गोळा वाया घालवत नसे. वस्तू स्वस्त झाल्याने ते बंधन नाहीसे झाले आहे. युक्रेनमधील खेरसोन शहरात सायकलवरून किंवा पायी जाणाऱ्या नागरिकांचा ड्रोनने पाठलाग करून त्यांना मारले गेले, आणि मे २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने त्या हल्ल्यांना मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरवले. सुटे भाग बनवणाऱ्यानेसुद्धा ते कुठे जातात हे विचारले पाहिजे.

असईची वाट

मी अठराव्या शतकातील मराठी लष्करी व्यवस्थेचा अभ्यास करते. विषयाला धरूनच एक मुद्दा मांडते.

महादजी शिंदे यांनी १७८४ पासून दि बॉयन्य या युरोपीय सेनानीच्या मदतीने कवायती पलटणी उभ्या केल्या आणि आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना चालवला. त्या काळाच्या मानाने ही घडी विस्कटणारीच गोष्ट होती, कारण घोडदळावर चालणारे उत्तर हिंदुस्थानातले युद्धशास्त्र तिने काही वर्षांत बदलून टाकले. तोफांचा दर्जाही उत्तम होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातील असईजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेला याच तोफांनी भाजून काढले आणि त्याची दीड हजारांहून अधिक माणसे मृत वा जखमी झाली. तरीही लढाई शिंद्यांच्या हातून गेली.

त्यामागची कारणे अनेक आहेत, पण एक कारण या धाग्यासाठी महत्त्वाचे आहे. पलटणींचे वरचे अधिकारी युरोपीय होते. युद्ध तोंडावर येताच इंग्रजांनी त्यांना नोकरी सोडण्याबद्दल आर्थिक आश्वासन दिले आणि त्यांतील बरेच जण निघून गेले. शिंद्यांचा उत्तरेतील सेनापती पेराँ यानेही त्याच सप्टेंबरात इंग्रजांचा आश्रय घेतला. तोफा आपल्या कारखान्यात तयार होत होत्या, पण त्या चालवणाऱ्या व्यवस्थेचा कळीचा भाग बाहेरून आणलेला होता आणि तो बाहेरच्याच इच्छेने काढून घेता आला. आज आपल्या ड्रोनमधला असा भाग कोणता, हे सर्किटवाला यांनी सांगावे अशी विनंती आहे.

सर्किटवाला

प्रश्न वर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भारताने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, परंतु सुट्या भागांना मोकळीक ठेवली. त्यातून जुळणी करणाऱ्या कंपन्या वाढल्या आणि काहींनी स्वतःची रचनाही विकसित केली. नवी मुंबईची आयडियाफोर्ज टेहळणीच्या ड्रोनमध्ये आहे. नागपूरच्या सोलर समूहाने नागास्त्र-१ हे लक्ष्यावर जाऊन आदळणारे शस्त्र बनवले आणि जून २०२४ मध्ये त्याची पहिली १२० नगांची खेप लष्कराला दिली. मात्र साखळीच्या खालच्या पायरीवर मोटर, स्पीड कंट्रोलर, कॅमेरा आणि लिथियमचे सेल या बाबतीत चीनवरचे अवलंबित्व मोठे आहे. चिनी भागांच्याच कारणावरून २०२५ च्या सुरुवातीला लष्करासाठीच्या ४०० मालवाहू ड्रोनची खरेदी रद्द झाली.

माझ्या दृष्टीने सर्वांत कळीचा भाग मोटरमधला मॅग्नेट आहे. ब्रशलेस मोटरला निओडिमियम मॅग्नेट लागतो, आणि मोटर तापली तरी त्याचे चुंबकत्व टिकावे म्हणून जास्त तापमानाच्या मॅग्नेटमध्ये डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळतात. चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी या दोन्हींसह सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट लादली, तेव्हा त्याचा पहिला फटका आपल्या वाहन उद्योगाला, त्यातही विजेवरच्या दुचाकींना बसला. ड्रोन आणि स्कूटर यांची नस एकच आहे, हे त्या काही महिन्यांत लख्ख दिसले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने वर्षाला ६,००० टन मॅग्नेट देशात बनावेत यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ते कारखाने उभे राहून माल बाहेर पडायला काही वर्षे जातील.

त्यामुळे यंत्रकार, तुमच्या मूळ प्रश्नावर माझे मत असे आहे: आजचा विशिष्ट ड्रोन तात्पुरता आहे, पण रचना सतत बदलत राहण्याची रीत टिकणार आहे. रशियाने २०२४ मध्ये ऑप्टिकल फायबरची रीळ लावलेले ड्रोन आणले आणि त्यांच्यापुढे रेडिओ जॅमिंगची सारी उपकरणे कुचकामी ठरली. त्यानंतर दोन्ही सैन्यांना जाळ्या लावून रस्ते झाकावे लागले. फ्रेम, पंखे आणि प्लास्टिकचे आवरण यांत तुम्ही पैसे गुंतवलेत तर असा प्रत्येक बदल तुमच्या माथी येईल. मोटरचे स्टेटर (न फिरणारा, तार गुंडाळलेला भाग), शाफ्ट आणि हाउसिंग यांचे माप मात्र तुलनेने स्थिर असते आणि तोच माल पंखा, पंप आणि स्कूटर यांच्या मोटरलाही चालतो.

भोसरीचा यंत्रकार

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. तोफची साहेबांचा खेरसोनविषयीचा परिच्छेद मी आमच्या कारखान्यातल्या मुलांना वाचून दाखवला आणि त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. यापुढे संरक्षणविषयक ऑर्डर घेताना अंतिम खरेदीदार कोण, हे लेखी मागायचे असे आम्ही ठरवले आहे.

कर्ज काढायचे झाले तर ते मोल्डसाठी काढणार नाही. शाफ्टसाठी सेंटरलेस ग्राइंडर आमच्याकडे आहे आणि हाउसिंगचे काम हाताखालचे आहे. प्रश्न वाइंडिंगचा उरतो, कारण तांब्याची तार इतक्या लहान स्टेटरवर सफाईने गुंडाळणे आम्हाला पूर्णपणे नवे आहे. सर्किटवाला, २२ ते २८ मिमी व्यासाच्या स्टेटरसाठी वाइंडिंग मशीन देशात कोणी तयार करते का, आणि लॅमिनेशनचा (स्टेटरच्या थरांचा) पत्रा ०.२ मिमी जाडीचा हवा की ०.३५ मिमी चालेल? ड्रॉइंग बदलल्यास तयार लॉटचा खर्च कोणी सोसायचा, याचे कलम करारात कसे लिहावे, हेही कोणाला अनुभवाने सांगता आले तर फार मदत होईल.