इराक युद्धाबद्दल उमेदवार आधी काय बोलला होता, कसं तपासायचं?

फोंडेकर:
नमस्कार मंडळी, आमच्या फोंड्यात वाचनालयाचा वादविवाद आहे पुढच्या रविवारी, विषय उमेदवारांची युद्धाबद्दलची जुनी वक्तव्यं. मी ट्रम्पचं इराक प्रकरण घेतलंय. २०१६ च्या प्रचारात ते सारखे म्हणायचे की मी पहिल्यापासून विरोधात होतो, आणि २००४ च्या एका मुलाखतीत त्यांनी युद्धावर सडकून टीका केलेली आहेच, मग लोक खोटं का म्हणतात? मला हे लांबचं वाटत नाही, बाबा १९९० ला कुवेतमध्ये अडकलेले, अम्मानवरून एअर इंडियाच्या विमानाने घरी पोचले तेव्हा हातात एक कापडी पिशवी नि तिच्यात ऑफिसच्या चाव्या, बाकी सगळं तिथेच राहिलं. युद्धावर कोणी उगाच तोंडाला येईल ते बोललं की डोकं फिरतं माझं.

डिचोलीकर:
तारीख बघ आधी. युद्ध सुरू झालं २० मार्च २००३ ला, तुझी मुलाखत त्यानंतरची, तोवर सगळं फसत चाललेलं दिसत होतं. त्याआधीचं शोध. ११ सप्टेंबर २००२ ला रेडिओवर कार्यक्रम करणाऱ्या हॉवर्ड स्टर्नने ट्रम्पला विचारलं इराकवर हल्ला हवा का, तर उत्तर साधारण "हो, वाटतं तसं". जानेवारी २००३ ला टीव्हीवर म्हणाले की काय तो निर्णय घ्या, कदाचित युनोसाठी थांबावं. याला विरोध कसा म्हणायचा?

शिरोडकर_मास्तर:
तारखेचं पटलं, पण तो माणूस तेव्हा बिल्डर होता, संसदेत त्याच्या हातात मत नव्हतं. हिलरी क्लिंटन तेव्हा सिनेटर, त्यांच्या हातात होतं. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटमध्ये इराकवर लष्करी बळ वापरायची परवानगी देणारा ठराव ७७ विरुद्ध २३ ने पास झाला त्यात त्यांचं मत बाजूने, भाषणात म्हणाल्या की हे घाईने युद्धात उडी घेण्यासाठी दिलेलं मत नाही, पण मत ते मतच ना. २०१४ ला चूक झाली असं सरळ लिहिलं त्यांनी, एवढं मात्र मानायला हवं. माझ्या मते मत दिलेल्याला जास्त धरावं.

म्हापसेकर_बाय:
मास्तर, मत नसलं तरी बोलता येतं की. ओबामा तेव्हा इलिनॉयच्या विधिमंडळात, त्यांनाही मत नव्हतं, तरी २ ऑक्टोबर २००२ ला शिकागोत उघड सभेत ते विरोधात बोलले, नि २००८ ला पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत तेच भाषण क्लिंटनविरुद्ध कामी आलं. आणि भाऊ, ट्रम्पची दुसरी बाजूपण सांग हं, युद्ध लागल्यावर आठवड्याभरातच ते युद्धाला "मेस" (सगळा गोंधळ) म्हणाले होते. एकच क्लिप लावून बसलास तर समोरचा तुला तिथेच पकडणार.

फोंडेकर:
देव बरें करूं सगळ्यांना. २० मार्चची रेघ मारून अलीकडची-पलीकडची वाक्यं वेगळी लिहून काढतो, मतदानाला वेगळा रकाना. स्टर्नच्या कार्यक्रमाचा पूर्ण ऑडिओ असेल कोणाकडे तर शनिवारच्या आत लिंक टाका, तुकडा नको, मागचा-पुढचा प्रश्नपण ऐकायचाय.