मदत हवी आहे : ‘एकच प्याला’मधल्या गीतेचे स्वगत कोणत्या भाषेत लिहावे?

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ (१९१९) या दारूच्या व्यसनावरील नाटकातील नायिका सिंधूबद्दल पुष्कळ लिहिले गेले. दारुड्या तळीरामाची बायको गीता मात्र मागेच राहिली. तळीरामाच्या मृत्यूनंतरच्या गीतेचे २० मिनिटांचे एकपात्री स्वगत मी लिहीत आहे.

पहिला खर्डा आजच्या प्रमाण मराठीत लिहिला, पण वाचनाच्या वेळी अभिनेत्री ‘आत्मभान’ या शब्दावर अडखळली आणि म्हणाली, “हे गीता बोलत नाही, तुम्ही बोलताय.” ते खरेच होते. दुसरा खर्डा गडकऱ्यांच्या कोटीबाज वळणाने लिहिला, तर ती नुसती नक्कल झाली. मूळ संहिता दोनदा वाचली आहे, त्यामुळे ‘आधी नाटक वाचा’ हे कृपया सुचवू नये. पदे घ्यायची नाहीत, आणि नाटक न पाहिलेल्या प्रेक्षकालाही प्रयोग कळला पाहिजे.

कथानकात गीता पुण्याच्या सेवासदनात (स्त्रियांना शिक्षण देणारी संस्था, स्थापना १९०९) परिचारिकेचे शिक्षण घ्यायला जाते. तेव्हा त्या काळातील, फारशा न शिकलेल्या ब्राह्मण विधवेची घरगुती बोली ऐकू येईल अशी स्त्रियांची आत्मचरित्रे किंवा पत्रसंग्रह कोणते, आणि शिक्षणानंतर तिची भाषा कितपत बदललेली दाखवावी?