शब्दचर्चा : ‘एक लोटा चहा’ म्हणजे किती?

प्रश्न : लग्नानंतर सांगलीहून बेळगावला, टिळकवाडीत आले. परवा शेजारच्या कन्नड काकू म्हणाल्या, “मलाही एक लोटा चा टाक.” मी पितळी लोटाच काढला. “अगं, एवढा कोण पिणार!” म्हणाल्या. त्यांना हवा होता साधा पेला. मग लोटा म्हणजे नक्की काय? नवे कपही घ्यायचे आहेत, दुकानात काय म्हणून मागू?

उत्तर : घोटाळा तुमचा नाही, शब्दाचा आहे. कन्नडमध्ये ‘लोट’ म्हणजे पाणी, कॉफी, चहा प्यायचं भांडं, आपलं फुलपात्र. मराठीत लोटा तांब्याच्या घरातला. त्यातलं पाणी फुलपात्रात ओतून प्यायचं. एकच शब्द, पण माप पार वेगळं. काकूंकडे लोटा ऐकलात की पेला समजायचा.

‘पेला’ आणि ‘प्याला’ दोन्ही फारसी ‘पियाला’वरून आले, पण वाटा वेगळ्या झाल्या. पेला स्वयंपाकघरात राहिला, स्टीलचा. प्याला विषाचा, अमृताचा, कवितेतला. टपरीवर “एक प्याला द्या” म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

दुकानात मात्र शब्द जपून वापरा. ‘कप’ म्हटलंत तर नुसते कप येतील, ‘मग’ म्हटलंत तर दुप्पट मापाचे. आपल्या उकळलेल्या दाट चहाला मग मोठा पडतो, तळातला निम्मा गार होतो. ‘कपबशी’ म्हणूनच मागा. आमचे आजोबा चहा बशीत ओतायचे, दोन्ही हातांच्या बोटांवर बशी तोलायचे आणि भुरके मारत प्यायचे. पसरट बशीत चहा लगेच निवतो. घाईच्या माणसाची सोय होती ती. आता कागदी कप आले आणि बशीबरोबर तो भुरकाही चालला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

घेताना कपाच्या कानात बोट घालून पाहा. दोन बोटं बसली पाहिजेत, नाहीतर गरम कप तिसऱ्या बोटाला चिकटतो. काठ पातळ हवा, आतला रंग पांढरा, म्हणजे चहाचा रंग कळतो.

आणखी एक शब्द इथे लागेलच : ‘बायटू’. मुंबईचं कटिंग म्हणजे एकट्याचा अर्धा चहा. बायटू म्हणजे एका चहाचे दोन वाटे, त्याला माणसं दोन लागतातच.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून एका वाचकाची भर : मातीच्या कपाला हल्ली सगळे ‘कुल्हड’ म्हणतात. आमच्याकडची माती भांड्यांसाठी नावाजलेली, कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही इथेच आहे. मग हिंदी शब्द कशाला? कुणी ‘बोळकं’ सुचवतात, पण बोळक्याचं तोंड अरुंद, ओठ लावून पिता येत नाही. ‘मातीचा पेला’ म्हणा. आमच्या घरात तसंच म्हणतात.