प्रतिसाद: एकाच चित्रकाराचं म्युझियम

वर कुणीतरी म्हटलंय, एकाच चित्रकाराची अख्खी इमारत म्हणजे तिसऱ्या दालनात जांभया. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराचं क्लिफर्ड स्टिल म्युझियम आठवा. स्टिल हा अमेरिकन अमूर्त चित्रकार, बाबा भलताच हट्टी! १९८० मध्ये वारला. मृत्युपत्रात अट अशी की जे अमेरिकन शहर फक्त माझ्याच चित्रांसाठी कायमची जागा बांधेल, त्यालाच सगळा साठा. विकायचं नाही, कुणाला देऊन टाकायचं नाही, अदलाबदल करायची नाही. म्युझियम उघडलं थेट २०११ साली. काँक्रीटच्या छताला लंबगोल भोकं आहेत, त्यांतून झिरपणाऱ्या उजेडात सुरीने थापलेल्या जाड रंगाचे कंगोरे उठून दिसतात. जांभया कसल्या! आणि हो, उघडण्याच्या तोंडावर शहराने चार चित्रं लिलावात काढलीच, ११.४ कोटी डॉलर आले. मला त्यात वावगं वाटत नाही, चालवायला पैसा लागतोच.