अनुभव धागा: तुमच्या गावच्या रस्त्याचे कागद तुम्ही पाहिलेत का?

पावसाळा सरला की टेंडरं निघतात आणि मार्च जवळ आला की रोलर फिरायला लागतात. रस्ता होताना आपण सगळेच बघतो. त्याचं अंदाजपत्रक काय होतं, पैसा कुठल्या योजनेतून आला, कुणाच्या सहीने बिल निघालं, हे मात्र फार थोडे जण बघतात. ज्यांनी पाहिलंय त्यांनी इथे लिहावं. काम अडलं, रस्ता बंद झाला, निधी परत गेला, सगळं चालेल. अधिकाऱ्यांची, ठेकेदारांची नावं नकोत. सुरुवात मी करते.

आमचं पहिलं वर्ष रस्ता कुणाचा हे शोधण्यातच गेलं. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. रस्त्याचा क्रमांक सापडला तेव्हा कुठे अर्ज योग्य टेबलावर पोचला. दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर अंदाजपत्रक मिळालं. त्यात दोन मोऱ्या होत्या, जागेवर एकच. ग्रामसभेत ते पान वाचून दाखवलं आणि ठरावात घेतलं. अंतिम बिलाआधी दुसरी मोरी झाली. आता ओढ्याचं पाणी शाळेच्या वाटेवर येत नाही.

निवृत्त शाखा अभियंता, खानदेश
अंदाजपत्रकावर थांबू नका, एम.बी. म्हणजे मोजमाप पुस्तिका मागा. बिल तिच्यावरून निघतं. थर किती लांब, किती रुंद, किती जाड, सगळं तिच्यात असतं. ग्रामीण रस्त्याला खडीचे दाबून ७५ मिमीचे थर आणि वर २० मिमी कारपेट, म्हणजे डांबरी खडीचा वरचा थर, हे नेहमीचं प्रमाण. कारपेट पडलं की खालचा थर कुणाला दिसत नाही, म्हणून खडी उघडी असतानाच पट्टी घेऊन जा. डांबराची चलनंही मागा. किती डांबर आलं आणि किती लागायला हवं होतं, हा हिशेब दहावीच्या मुलालाही जमतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. माझ्या सबंध नोकरीत तो मागायला एकही गावकरी आला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. गावकरी उभे असले की आमच्यासारख्या खालच्या अभियंत्यालाही 'हे चालणार नाही' म्हणायला बळ येतं.

ग्रामपंचायत सदस्य, विदर्भ
आमचा रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला. पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते. वाळूच्या टिप्परांनी तिसऱ्याच वर्षी कडा तोडल्या. 'निधी नाही' असं उत्तर मिळालं. आम्ही रस्त्यावरच्या कामाच्या फलकावरची काम पूर्ण झाल्याची तारीख दाखवली, फोटो 'मेरी सडक' ॲपवर टाकले. खड्डे भरले गेले, साइडपट्टीला मुरूम पडला. टिप्पर अजून चालूच आहेत आणि ते थांबवणं रस्ते विभागाच्या हातात नाही. पण दुरुस्ती झाली ती त्या तारखेमुळे, म्हणून फलकाचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा, नंतर तो फलक राहत नाही.

शेतकरी, मराठवाडा
पाणंद, म्हणजे शेतात जायची वाट, अडवली होती, ऊस बाहेर काढता येईना. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा केला. स्थळपाहणी, पंचनामा होऊन रस्ता मोकळा करायचा आदेश झाला. पण आदेशाने मुरूम पडत नाही. मातोश्री पाणंद योजना रोजगार हमीला जोडलेली, मजुरी आणि साहित्याचं प्रमाण जुळेना, म्हणून प्रस्ताव पडून आहे. वाट कायद्याने माझी आहे आणि पावसात बैलगाडी अजून रुततेच.

एसटीने येणारी-जाणारी, महाड
वरंध घाट पावसाळ्यात बंद होतो तो दरडींमुळे, ते मान्यच आहे. माझं म्हणणं सूचनेबद्दल आहे. 'घाट बंद'चा फलक घाटाच्या तोंडाशी लावून काय उपयोग? तो भोर आणि महाडच्या स्टँडवर, तारखेसकट हवा. आजारी माणसाला पुण्याला न्यायचं असलं तर ताम्हिणीने जायचं की कसं, हे घरातून निघतानाच कळायला हवं.

धागाकर्ती
अभियंताकाका, नमुन्याबद्दल कुणालाच माहीत नव्हतं. कुणी डांबराचा किंवा खडीचा नमुना मागून घेतला असेल तर अर्जात मजकूर काय लिहिला, तपासणी कुठे केली, खर्च कुणी दिला, हे सविस्तर लिहा. आमच्या वस्तीच्या रस्त्याचा कार्यारंभ आदेश निघालाय, खडी येऊन पडलीय.