१० मीटरवरचा वारा ८० मीटरवर किती धरायचा?

दिंडोरीवाला
दिंडोरीजवळ द्राक्षबागांच्या मधोमध वारा मोजायचा १० मीटरचा मास्ट (खांब) आहे. वर्षाची सरासरी ४ मी/से. घातसूत्रात (वेगांचं गुणोत्तर = उंचींच्या गुणोत्तराचा अल्फा घात) अल्फा १/७ धरला तर ८० मीटरला ५.४ येतात. बागांमध्ये हा अल्फा चालेल का? लॉग सूत्र (वेग उंचीच्या लॉगप्रमाणे वाढतो) लावायचं तर जमिनीचा खरखरीतपणा किती घ्यायचा?

माळरान
१/७ हा सपाट मोकळ्या माळाचा आकडा. मांडव २ मीटरचा असेल तर विस्थापन-उंची (वाऱ्यासाठी जमीन जणू जितकी वर सरकते ती) त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे १.३ मी. खरखरीतपणा ढोबळमानाने मांडवाच्या उंचीचा दहावा भाग, ०.२ मी. (८०−१.३)/०.२ चा नैसर्गिक लॉग ५.९८, (१०−१.३)/०.२ चा ३.७७. भागाकार १.५८, म्हणजे ६.३ मी/से, अल्फा ०.२२. वाऱ्याची ऊर्जा वेगाच्या घनात जाते, त्यामुळे फरक दीडपटीहून जास्त पडतो. आणि ऑक्टोबर छाटणीनंतर मांडव उघडा पडतो. वर्षभर एकच खरखरीतपणा धरू नका.

पवनमापी
हे झालं तटस्थ हवेचं, म्हणजे जमीन हवेला तापवतही नाही आणि गारही करत नाही अशा वेळचं. पावसाळ्यात, ढगाळ आणि जोराच्या वाऱ्यात, ते बऱ्यापैकी जुळतं. एरवी आपल्याकडे खरी भानगड दिवस-रात्रीची. एप्रिलच्या दुपारी जमीन तापून हवा ढवळून निघते, अल्फा ०.१ च्याही खाली जातो. थंडीतल्या निरभ्र रात्री जमिनीलगत गार थर बसतो. खाली वारा पडतो, वर मात्र चालूच. अल्फा ०.३–०.४ सहज. म्हणून महिना आणि तास असा २८८ खान्यांचा अल्फा-तक्ता करा. ३ मी/से खालच्या नोंदी गाळा, नाहीतर अल्फा वाट्टेल तसा उडतो.

दिंडोरीवाला
तक्त्याला दोन उंच्या हव्यात. उंच मास्ट घेऊन ३० मीटरला दुसरं ॲनिमोमीटर (वारामापक) लावलं तर?

पवनमापी
३०-६० ची जोडी बरी, १० मीटरला बागेचा आणि बांधावरच्या झाडांचा त्रास असतो. पण या जोडीत एका मापकाची १% चूकसुद्धा अल्फात ०.०१४ ने उतरते. दोन्ही मापकं एकाच प्रकारची, कॅलिब्रेट केलेली, बूम (मापक धरणारा आडवा दांडा) एकाच दिशेला. नळीच्या मास्टवर बूम मुख्य वाऱ्याशी ४५ अंशात, जाळीच्या मास्टवर ९०. पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा, त्यावरून दिशा ठरवा. वरचं मापक मास्टच्या आडोशाला गेलं की अल्फा फसवा कमी दिसतो.

माळरान
आणि हाच तक्ता त्र्यंबकच्या कड्यांवर नेऊ नका. चढावर जमिनीलगतचाच वारा वेग घेतो, अल्फा शून्य किंवा उणेही निघतो. तिथे जागेवरच वेगळं मोजा.